जहाजाच्या वॉचवरची झोप आणि तिच्यावर नजर ठेवणारा कॅमेरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी एकालाही समुद्र नाही, तरी लातूर, बीड, परभणी, नांदेडकडची पोरं मर्चंट नेव्हीत जातच असतात. आमच्याकडे प्रश्न येतात ते तीन बाजूंनी: जहाजावर असलेले, त्यांच्या घरचे, आणि कॉम्प्युटर व्हिजनवर (चित्र बघून ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर) प्रोजेक्ट करणारे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्या भाषेत ठेवलेत. तेच उत्तर दोनदा लिहायला नको म्हणून मध्ये मध्ये दुसऱ्या प्रश्नाकडे बोट दाखवलंय.

1. वॉचकीपर म्हणजे कोण? रात्री जहाज नांगर टाकून थांबवत कामून नाहीत?

भर समुद्रात खोली हजारो मीटर असते, तिथं नांगर तळाला पोचतच नाही. शिवाय जहाज उभं ठेवणं कुठल्याच कंपनीला परवडत नाही. म्हणून ते रात्रंदिवस चालतं, आणि ब्रिजवर, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या काचबंद खोलीत, कुणीतरी कायम जागं असावं लागतं. तोच वॉचकीपर. रडार, इलेक्ट्रॉनिक नकाशा, वायरलेस आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे समोरची खिडकी, हे सगळं त्याच्याकडे.

मोठ्या जहाजावर तीन अधिकारी चार तास वॉच, आठ तास मोकळे अशा पाळ्या वाटून घेतात. सर्वसाधारणपणे बारा ते चार सेकंड मेट, चार ते आठ चीफ मेट, आठ ते बारा थर्ड मेट, आणि हे दिवसातून दोनदा. अंधारात सोबत लुकआउट म्हणून, म्हणजे बाहेर नजर ठेवायला, खलाशी असतो. लहान जहाजावर बऱ्याचदा दोघांतच भागवतात: सहा तास वॉच, सहा तास मोकळे. ‘मोकळे’ हा शब्द कागदावरचा. त्या वेळात मालाची चढउतार, कागदपत्रं, सुरक्षेच्या सामानाची तपासणी, बंदरातल्या अधिकाऱ्यांची सरबराई हे सगळं असतंच.

2. जहाज ऑटोपायलटवर असतं ना? मग तासभर डोळा लागला तर काय बिघडतं?

ऑटोपायलट दिशा धरून ठेवतो. पुढं खडक आहे की मच्छीमारांची होडी, हे त्याला कळत नाही.

22 मे 2025 च्या पहाटे नॉर्वेत ट्रॉन्डहाइमच्या फ्योर्डमध्ये एनसीएल साल्टन नावाचं 135 मीटर लांब कंटेनर जहाज सरळ किनाऱ्यावर चढलं आणि एका घरापासून काही मीटरांवर थांबलं. घरमालक झोपेत होता, शेजाऱ्यानं बेल वाजवून त्याला उठवलं. वॉचवरच्या अधिकाऱ्यानंही पोलिसांना सांगितलं की आपला डोळा लागला होता. जीवितहानी झाली नाही म्हणून लोक त्या फोटोंवर हसले. 24 मार्च 1989 ला अलास्कात एक्सॉन व्हाल्डेझ खडकावर चढलं तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतं. त्या तेलगळतीच्या अमेरिकन चौकशीत जी कारणं निघाली, त्यांत थर्ड मेटचा थकवा आणि कामाचा बोजा हे एक होतं.

3. झोपू नये म्हणून जहाजावर आधीच अलार्म असतो म्हणे. मग कॅमेरा कशाला?

असतो. त्याचं लांबलचक नाव कुणी घेत नाही, जहाजावर त्याला बीएनवॉस म्हणतात. काम साधं आहे. ठरवलेल्या वेळात, 3 ते 12 मिनिटांत, अधिकाऱ्यानं बटण दाबलं नाही किंवा हालचाल केली नाही की दिवा लुकलुकतो. पंधरा सेकंदांत प्रतिसाद नाही आला की ब्रिजवर भोंगा, आणखी पंधरा सेकंदांनी कॅप्टन किंवा राखीव अधिकाऱ्याच्या केबिनमध्ये, आणि त्यानंतर साधारण दीड मिनिटानं इतरांकडं. 1 जुलै 2011 पासून नव्या जहाजांना तो सक्तीचा झाला, जुन्यांना पुढं टप्प्याटप्प्यानं.

अडचणी दोन. पहिली, तो बंद ठेवता येतो. 2012 मध्ये स्पेनच्या किनाऱ्यावर चढलेलं ब्यूमाँट आणि 2015 मध्ये स्कॉटलंडमध्ये चढलेलं लिसब्लिंक सीवेज, दोन्ही जहाजांवर हे यंत्र होतं आणि दोन्हीकडं ते चालू केलेलं नव्हतं. दुसरी अडचण जास्त अवघड. बटण दाबायला जागं असावं लागतं, पण पुरतं जागं असावं लागत नाही. सवयीचा हात अर्धवट झोपेतही बटणापर्यंत जातो. हालचालीवर चालणारा सेन्सर असेल तर खुर्चीत कूस बदलली तरी घड्याळ पुन्हा शून्यावर. माणूस हलतोय एवढंच या यंत्राला समजतं. तो बघतोय का, हे विचारायला कॅमेरा आला.

4. डोळे मिटले की झोप, एवढंच बघतो का कॅमेरा?

मुख्य गोष्ट तीच, पण मोजमाप जरा बारीक आहे. आधी चित्रात चेहरा शोधला जातो, मग त्यावर डोळे, नाक, ओठ, हनुवटी यांचे ठरावीक बिंदू बसवले जातात. डोळ्याभोवती सहा बिंदू घेऊन उभं अंतर भागिले आडवं अंतर काढतात. सौकुपोव्हा आणि चेख यांनी 2016 मध्ये मांडलेली ही पद्धत अजून सगळीकडं चालते, कारण गणित सोपं आणि यंत्र स्वस्त लागतं. उघड्या डोळ्यात हा आकडा साधारण 0.3 च्या आसपास राहतो, पापणी मिटली की खाली कोसळतो.

एकदा पापणी लवली म्हणजे झोप नव्हे. साधी पापणी सेकंदाच्या तीन-चार दशांशांत उघडते. झोप दाटली की ती रेंगाळते. म्हणून ‘परक्लॉस’ नावाचं माप वापरतात: ठरावीक वेळेपैकी, समजा एका मिनिटापैकी, किती टक्के वेळ डोळा 80 टक्के किंवा त्याहून जास्त झाकलेला होता. 1990 च्या दशकात वाहनचालकांवरच्या संशोधनातून हे माप आलं आणि आजही बाकीच्या सगळ्या खुणांना तेच ताडून बघतात. जोडीला जांभया, मान हळूहळू खाली जाऊन झटक्यानं वर येणं, आणि नजर एकाच जागी खिळून राहणं.

5. झोप आणि थकवा एकच ना?

नाही, आणि हे उपकरण विकणारे लोक नेमकं इथंच धूसर बोलतात. पापणी झोप दाखवते. थकव्यानं आधी निर्णय बिघडतो, डोळे नंतर मिटतात.

3 एप्रिल 2010 ला ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफमध्ये शेन नेंग 1 हे कोळशाचं जहाज प्रवाळावर चढलं. तिथला चीफ मेट आदल्या साडेअडतीस तासांत फक्त अडीच तास झोपला होता. बंदरातली माल भरणी त्याच्याच अंगावर होती. जहाज चढलं तेव्हा तो झोपलेला नव्हता, ब्रिजवर कामावर होता. जहाज जिथं वळवायचं, ते ठिकाण त्याच्या हातून निसटलं, बस. त्या ब्रिजवर कॅमेरा असता तर त्याला उघडे डोळे आणि उभा माणूस दिसला असता. पापण्यांची संथ गती कदाचित पकडली गेली असती, चुकलेलं वळण नाही.

म्हणून आमचं मत: याला ‘झोप ओळखणारं यंत्र’ म्हणा, ‘थकवा मोजणारं यंत्र’ म्हणू नका. थकव्याचा अंदाज हवा असेल तर गेल्या दोन-तीन दिवसांतली खरी झोप कळायला हवी, आणि ती कॅमेऱ्यापुढं घडत नाही (प्रश्न 11 पाहा).

6. समृद्धीवरच्या ट्रकमध्ये डुलकी पकडणारा कॅमेरा असतो. तोच ब्रिजवर लावला तर?

संभाजीनगर-जालन्याच्या वाहतूकदारांकडून हा प्रश्न फार येतो. लावून बघता येईल, चालणार नाही.

ट्रकचा ड्रायव्हर पट्टा बांधून एका जागी बसतो, चेहरा कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावर. ब्रिज ही खोली आहे. अधिकारी रडारपाशी वाकतो, नकाशाच्या टेबलाकडं जातो, दुर्बीण घेऊन बाहेर पंखावर (ब्रिजच्या बाजूच्या सज्जावर) उभा राहतो, चहा करतो. निम्मा वेळ त्याची पाठ नाहीतर कान दिसतो. त्यामुळं इथं अनेक कॅमेरे लागतात, आणि चेहरा मिळेना तेव्हा खांदे, कोपर, कंबर, गुडघे यांच्या बिंदूंवरून शरीराची ठेवण ओळखावी लागते. खुर्चीत कलंडलेला, टेबलावर डोकं टेकवलेला, दहा मिनिटं न हललेला माणूस पाठीमागूनही ओळखू येतो.

दुसरा फरक वेळेचा, आणि तो जहाजाच्या बाजूनं आहे. ताशी 100 किलोमीटरच्या ट्रकमध्ये दोन सेकंदांची डुलकी जीव घेते, म्हणून तिथं अलार्म तत्काळ लागतो, भले चार वेळा उगाच वाजो. 12 नॉटनं चालणारं जहाज मिनिटाला साधारण 370 मीटर जातं. खुल्या समुद्रात एक-दोन मिनिटं पुरावा गोळा करून मग अलार्म दिला तरी चालतं. ही सवड वापरायची की नाही, यावर ती प्रणाली टिकणार की खलाशी तिच्यावर टेप चिकटवणार हे ठरतं (प्रश्न 9 पाहा). अरुंद खाडीत किंवा गर्दीच्या सामुद्रधुनीत अर्थातच ही सवड मिळत नाही, तिथं वेळेची मर्यादा आपोआप कमी व्हायला हवी.

7. रात्री ब्रिजवर दिवा लावत नाहीत. मग कॅमेऱ्याला दिसतं काय?

रात्रीची लाईट आल्यावर उसाला दारं धरायला गेलेल्या माणसाला हे सांगायची गरज नाही: डोळ्यावर बॅटरी पडली की पुढची सरी दिसायला वेळ लागतो. डोळा अंधाराला पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं घेतो, आणि दूरच्या होडीचा मिणमिणता दिवा त्या सरावलेल्या डोळ्यालाच दिसतो. त्यामुळं ब्रिजवर उजेड करणं हाच धोका.

उपाय म्हणजे इन्फ्रारेड दिवे. बाजारात 850 आणि 940 नॅनोमीटर असे दोन प्रकार सर्रास मिळतात. 850 मध्ये चित्र चांगलं येतं, पण दिव्यात मंद लाल ठिपका दिसतो. 940 डोळ्याला दिसत नाही, मात्र बहुतेक कॅमेऱ्यांचे सेन्सर तिथं कमजोर पडतात, म्हणून जास्त ताकदीचा दिवा लागतो. ब्रिजसाठी आम्ही 940 च सुचवू. लाल ठिपक्याचं प्रतिबिंब पुढच्या काचेत पडलं तर तो दुसऱ्या जहाजाचा डावीकडचा लाल दिवा वाटायची भीती असते, आणि अशा गोंधळाला रात्री तीन वाजता जागा द्यायची नसते.

8. झोपेशिवाय आणखी काय पकडतात? मोबाईल बघितला तरी?

हो, मोबाईल तर पहिल्यांदा. 25 जुलै 2020 ला मॉरिशसच्या प्रवाळावर चढलेलं वाकाशिओ किनाऱ्याच्या इतकं जवळ गेलं होतं ते मोबाईलची रेंज मिळावी म्हणून, असं जहाज चालवणाऱ्या जपानी कंपनीनंच पुढं जाहीर केलं.

बाकी यादीत येतं ते असं: ब्रिजवर कुणीच नसणं, अंधार पडल्यावर लुकआउटला दुसऱ्या कामाला पाठवून अधिकारी एकटा राहणं (आंतरराष्ट्रीय नियमानुसार एकट्यानं नजर ठेवायची मुभा फक्त दिवसा, तीही अटींवर), बराच वेळ खिडकीकडं न बघता पडद्याकडंच बघणं. शेवटची सवय नव्या पिढीत जास्त, असं जुने कॅप्टन म्हणतात. जुने कॅप्टन नव्या पिढीबद्दल बरंच काही म्हणतात, पण इथं त्यांचं चुकत नाही.

मोबाईल ओळखणं मात्र वाटतं तितकं सोपं नाही. तळहाताएवढी काळी वस्तू कानाशी धरली तर तो वॉकीटॉकी असू शकतो. दुर्बीण डोळ्याला लावली की डोळे गायब आणि दोन्ही हात तोंडापाशी, म्हणजे कच्च्या मॉडेलच्या लेखी जांभई. रडारवर वाकलेला माणूस पेंगणाऱ्यासारखा दिसतो. ब्रिजवरच्या प्रत्यक्ष कामाची चित्रं शिकवल्याशिवाय हे गोंधळ जात नाहीत.

9. मॉडेल 99 टक्के अचूक आहे असं कंपनी सांगते. पुरेसं नाही का?

हिशेब करून बघा. मॉडेल दर मिनिटाला एक निर्णय देतं आणि शंभरात एकदाच चुकतं असं धरू. दिवसाची मिनिटं 1440. म्हणजे सगळे टक्क जागे असले तरी रोज चौदा खोटे अलार्म. खरा झोपलेला माणूस मात्र महिन्यात एखादा सापडणार. दुसऱ्या आठवड्यापर्यंत भोंग्याची वायर कुणीतरी काढलेली असते.

त्यामुळं अचूकतेचा आकडा विचारूच नका. एका वॉचमध्ये सरासरी किती खोटे अलार्म, हे विचारा. चांगली प्रणाली एकाच खुणेवर ओरडत नाही. पापणी, मान, शरीराची हालचाल आणि शेवटचं बटण कधी दाबलं, हे एकत्र बघते. आणि ओरडण्याआधी हळूच विचारते: आधी छोटा दिवा, मग मऊ आवाज, मग भोंगा. बीएनवॉसच्या पायऱ्या तयार आहेतच, त्यांनाच हे जोडलेलं उत्तम.

10. चष्मा, दाढी, पगडी, बारीक डोळे यांनी फरक पडतो का?

पडतो. चष्म्याच्या काचेवर इन्फ्रारेडची चमक बसते आणि बुबुळ झाकलं जातं; दिवा कॅमेऱ्यापासून जरा बाजूला लावला की बरंच भागतं. दाढीनं ओठांचे बिंदू हलतात, म्हणून जांभईचा भरवसा कमी. नांदेडच्या एका वाचकानं पगडीबद्दल विचारलं होतं: डोळ्यांच्या मोजमापाला ती आड येत नाही, पण डोक्याच्या आकारावरून मान झुकली का हे ठरवणारी काही मॉडेलं घोटाळा करतात.

खरी गोम डोळ्यांच्या ठेवणीत आहे. जगातले सर्वाधिक खलाशी फिलिपिन्स, रशिया, इंडोनेशिया, चीन आणि भारत या देशांतले. एकच सीमारेषा सगळ्यांना लावली तर ज्याचे डोळे मुळातच अरुंद, तो दिवसभर झोपलेला ठरेल. वॉच सुरू होताना पहिली काही मिनिटं त्या माणसाचा स्वतःचा आकडा नोंदवून पुढची तुलना त्याच्याशीच करायची. हे न करणारी प्रणाली घेऊ नये.

11. विश्रांतीचे तास खोटे भरतात हे सगळ्यांना माहीत आहे. मग कॅमेऱ्यानं काय साधणार?

हा प्रश्न जहाजावरूनच येतो, आणि आमच्या मते या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा हाच.

नियम असा आहे. कुठल्याही 24 तासांत किमान 10 तास आणि 7 दिवसांत किमान 77 तास विश्रांती. ती दोनपेक्षा जास्त तुकड्यांत नको, त्यातला एक तुकडा सलग 6 तासांचा हवा. भारतानं 2015 मध्ये सागरी कामगार करारही मान्य केलाय. कागद इतका नेटका आहे. पण 2020 मध्ये स्वीडनच्या वर्ल्ड मेरिटाइम युनिव्हर्सिटीनं काढलेल्या अहवालात या नोंदी सर्रास जुळवून लिहिल्या जातात हेच पुढं आलं, आणि त्यात बोलणारे जहाजावरचेच लोक होते. बंदरात तपासणीवाला येतो, तक्ता हिरवा हवा. तक्ता हिरवा करायला माणसं मात्र तेवढीच.

सहा-सहाच्या पाळीवर युरोपातल्या होरायझन प्रकल्पात सिम्युलेटरवर खऱ्या अधिकाऱ्यांना बसवून प्रयोग झाले. चार-आठच्या तुलनेत सहा-सहावाले जास्त पेंगुळलेले आढळले, काही जण तर वॉचवरच झोपले, आणि मध्यरात्र ते पहाट हा काळ सगळ्यात वाईट. नवल काहीच नाही. सहा तासांच्या सुटीत जेवण, आंघोळ आणि राहिलेलं काम उरकून सलग झोप मिळणार किती?

अशा जहाजावर नुसता कॅमेरा बसवला, तर माणसं कमी ठेवण्याचा दोष थकलेल्या थर्ड मेटच्या नावावर चढतो, व्हिडिओच्या पुराव्यासकट. उलट त्याच नोंदींतून कोणत्या पाळीत, कोणत्या बंदरानंतर, प्रवासाच्या कितव्या दिवशी पापण्या जड होतात हे काढलं, आणि ते बघून बंदर सोडल्यावरचा पहिला वॉच दुसऱ्याला दिला किंवा आणखी एक अधिकारी ठेवला, तर कॅमेऱ्याचे पैसे वसूल. कंपनी या दोन्हींपैकी काय करते, हे खरेदीच्या वेळी कुणी विचारत नाही.

12. व्हिडिओ कोण बघतं? हे कायद्यात बसतं का?

आधी एक गैरसमज. ब्रिजवरचं बोलणं आजही रेकॉर्ड होतंच. व्हीडीआर नावाच्या जहाजाच्या ‘ब्लॅक बॉक्स’मध्ये आवाज, रडार, वेग सगळं साठतं. माणसांचा व्हिडिओ मात्र त्यात सक्तीचा नाही, आणि झोप ओळखणारा कॅमेराही आज जगभरच्या जहाजांना सक्तीचा नाही. कंपन्या तो स्वतःहून बसवतात.

कायदा जहाजाच्या झेंड्यावर आणि कंपनीच्या देशावर ठरतो. जहाज पनामा किंवा लायबेरियाचं, कंपनी युरोपची, मुलगा अंबाजोगाईचा, हे नेहमीचंच. भारतात डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा 2023 मध्ये आला. युरोपच्या 2024 च्या एआय कायद्यानं कामाच्या ठिकाणी कर्मचाऱ्यांच्या भावना ओळखणाऱ्या प्रणालींवर बंदी घातली, ती फेब्रुवारी 2025 पासून लागू आहे. वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांना सूट. त्याच कायद्याच्या प्रास्ताविकात वैमानिक आणि चालकांचा थकवा ओळखणं हे भावना ओळखण्यात धरलेलं नाही. म्हणजे ‘हा पेंगतोय’ हे सांगणारा कॅमेरा चालतो, ‘हा नाराज दिसतोय’ सांगणारा नाही. एकाच डब्यात दोन्ही सोयी देणारे विक्रेते आहेत, म्हणून कोणती सोय चालू आहे हे लेखी मागा.

आमची पसंती अशी: चित्र जहाजावरच तपासून तिथंच पुसलं जावं, फक्त अलार्मच्या आसपासचे काही सेकंद राहावेत, आणि ते कॅप्टनच्या पलीकडं कुणाकडं जातात हे करारात स्पष्ट असावं.

13. अलार्म माझ्या नावावर वाजला तर नोकरी जाईल का?

करार आणि कंपनीवर आहे. एका अलार्मवर माणूस घरी पाठवणाऱ्या कंपनीत पुढचा माणूस थकवा लपवायला शिकतो, एवढं नक्की. वॉच घेण्याइतकी विश्रांती झाली नसेल तर कॅप्टनला आधीच सांगणं हा तुमचा हक्कही आहे आणि कर्तव्यही. तिथं कुणी ऐकत नसेल तर कंपनीच्या किनाऱ्यावरच्या नेमलेल्या व्यक्तीला, जिला सगळे डीपीए म्हणतात, थेट कळवता येतं. तिचा नंबर जहाजावर लावलेला असतो.

14. समुद्रात इंटरनेट नसताना एआय चालतं कसं?

इंटरनेट लागतच नाही. ब्रिजवरच एक छोटा संगणक चित्रं तपासतो. उपग्रहाच्या जोडणीवरून फार तर अलार्मची नोंद जाते.

15. कॅमेऱ्यावर टोपी अडकवली तर?

काळं किंवा न बदलणारं चित्र लगेच ओळखता येतं आणि ‘कॅमेरा झाकला’ अशी नोंद होते. मुद्दाम झाकणं हा शिस्तभंग. पण ते वारंवार होत असेल तर आधी प्रश्न 9 वाचा.

16. ‘एआय वॉचकीपिंग’चा कोर्स केला की जहाजावर लवकर लागतं, असं एजंट म्हणतोय. पैसे भरू का?

नका. जहाजावर जायला लागणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रांत असा कुठलाही कोर्स नाही. लागतं ते मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रवेशपूर्व प्रशिक्षण, मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी, इंडोस नंबर (खलाशाचा नोंदणी क्रमांक) आणि सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक). भरती करणाऱ्याकडं डीजी शिपिंगचा (केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाचा) आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना हवा, आणि त्याचं नाव डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर बघता येतं. आपल्या भागात समुद्र लांब म्हणून या धंद्याची माहितीही लांब, आणि एजंट नेमके त्यावरच जगतात. वावर विकून पैसे भरण्याआधी एवढं तरी बघा.

17. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट हाच घ्यायचाय. नांदेडात बसून जहाज कुठून आणू?

जहाजाशिवाय बरंच होतं. एका खोलीत पडदे लावून अंधार करा, दोन टेबलं, एक उंच खुर्ची, एक मॉनिटर, आणि 940 चा दिवा असलेला कॅमेरा दोन मीटरवर. चेहऱ्याच्या बिंदूंसाठी मीडियापाइप, वस्तूंसाठी योलो, दोन्ही फुकट आहेत. तयार चित्रसंग्रहांपैकी यॉडीडी आणि एनटीएचयूचे बहुतेक जण वापरतात, पण त्यातली माणसं ड्रायव्हरसारखी समोर बसलेली आणि पेंगण्याचा अभिनय करणारी आहेत. मुद्दाम दिलेली जांभई आणि खरी जांभई यांत फरक असतो. म्हणून थोडा का होईना, खऱ्या झोपेचा डेटा घ्या: रात्रपाळी करून आलेल्या, संमती दिलेल्या लोकांचा. तो माणूस नंतर मोटारसायकल चालवत घरी जाणार नाही याची व्यवस्था आधी करा. दर पाच मिनिटांनी किती झोप येतेय हे त्यालाच विचारून कॅरोलिन्स्का मापावर 1 (टक्क जागा) ते 9 (पुरता पेंगलेला) मधला आकडा लिहून घ्या, तुमच्या मॉडेलला ताडायला काहीतरी लागेलच.

जिथं बहुतेक प्रोजेक्ट फसतात ती चूक म्हणजे एकाच माणसाच्या व्हिडिओतल्या काही फ्रेम शिकवायला आणि काही तपासायला घेणं. मॉडेल झोप शिकत नाही, तो चेहरा पाठ करतं, आणि अहवालात 98 टक्के येतात. माणसं वेगळी करा: शिकवलेल्यांतला एकही चेहरा तपासणीत नको. आकडा बराच खाली येईल. परीक्षकांना तोच दाखवा.

18. आमचं लेकरू बारा ते चारच्या वॉचला असतंय. घरून आम्ही काय करावं?

त्याच्या जहाजावरची वेळ विचारून भिंतीवर लिहून ठेवा, कारण ती प्रवासात बदलत राहते. शरीर सगळ्यात जड असतं ते पहाटे दोन ते सहाच्या दरम्यान, आणि सेकंड मेटचा अर्धा वॉच त्यातच जातो. त्याची खरी झोप वॉचच्या आधी आणि नंतर तुकड्यांत होते. आता जहाजावर इंटरनेट बरं झाल्यामुळं आपल्याकडं जेवणं उरकली की घरचे सगळे व्हिडिओ कॉलवर येतात, आणि तो त्याच्या झोपेच्या वेळेत हसत बोलत बसतो, नाही म्हणवत नाही म्हणून. फोनची वेळ त्याला ठरवू द्या.

19. जहाज नांगरावर असताना किंवा पायलट आलेला असताना अलार्म चालू ठेवतात का?

नांगरावरही वॉच असतो, कारण नांगर घसरू शकतो. तिथं हालचाल कमी आणि बसणं जास्त, म्हणून मर्यादा वेगळ्या ठेवाव्या लागतात. पायलट, म्हणजे बंदरात जहाज आत-बाहेर नेताना वाट दाखवणारा स्थानिक जाणकार, आल्यावर ब्रिजवर चार-पाच माणसं होतात, आणि कोणता चेहरा वॉचवरच्या अधिकाऱ्याचा हे कॅमेऱ्याला कळावं लागतं. नाहीतर मागच्या सोफ्यावर टेकलेल्या कॅडेटमुळं भोंगा वाजतो. कुणी उभ्या उभ्या डोळे मिटून नमस्कार करतो किंवा नमाजाला बसतो, तेही काही सेकंद-मिनिटांचंच असतं. पुराव्याची खिडकी पुरेशी लांब असली की हे प्रश्न आपोआप मिटतात.

20. माणूस झोपला नाही, चक्कर येऊन पडला तर?

ही परिस्थिती वेगळी धरायला हवी, आणि अनेक प्रणाली ती वेगळी धरत नाहीत. झोपलेल्याला भोंग्यानं जाग येते. हृदयविकाराचा झटका आलेल्याला नाही, आणि दिवसा तो ब्रिजवर एकटा असू शकतो. जमिनीवर आडवं झालेलं शरीर ओळखणं हे अर्धमिटल्या पापणीपेक्षा कितीतरी सोपं काम आहे. तेव्हा पडलेला माणूस दिसला की मधल्या पायऱ्या गाळून अलार्म सरळ कॅप्टनच्या केबिनमध्ये वाजला पाहिजे.